लागलं तर नाही ना?

रेल्वे कॉलनी, रायपूर
९ जानेवारी २०२५

ती. शांताआत्यास,
अस्मिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शर्ट मिळाला. आत्या, तू कमाल आहेस. दुकानात रेफरीचे शर्ट पुरुषांच्याच मापाचे मिळतात, म्हणून मी तो तुझ्याकडे तुमसरला पाठवला, तेव्हा आई म्हणाली की रायपूरचे शिंपी काय संपावर गेलेत? पण असा बेतून इथे कोणी दिला असता! खांदे बसले, लांबी बसली. छातीवरचा खिसा तेवढा घट्ट झालाय, कार्ड काढताना अडकतं. रेफरीला कार्ड काढणं सोपं नसावंच, असं बाबांचं मत पडलं.

तुझा लेक यशदीप आमच्याकडे मजेत आहे. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून ड्युटी करून येतो, आंघोळ करतो, मामीच्या हातच्या चार भाकरी संपवतो आणि मैदानावर पळतो. कारखान्यांच्या फुटबॉल स्पर्धेत त्यांच्या मिलची टीम फायनलला पोचली आहे. फायनल चांगली खेळलास तर ठेकेदाराकडून काढून कंपनीत पक्कं करू, असं साहेबांनी त्याला सांगितलंय. तेव्हापासून पठ्ठ्या झोपेतसुद्धा लाथा मारतो. मी त्या दिवशी नुसती लाइनवर झेंडा घेऊन असणार, शिटी दुसऱ्यांकडे आहे. तू निर्धास्त राहा.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं. नाहीतर नव्या रायपूरला ऑफिस सुटल्यावर बसची वाट बघत मी कोणाला पत्र लिहिलं असतं?

लोभ शर्टासारखा मापात नको, चांगला सैल असू दे.

तुझी,
अस्मिता


तुमसर
२३ जानेवारी २०२५

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

यशदीपचा फोन आला होता. शेजारच्या पायलने तो ऐकून माझ्या कानाशी ओरडून सांगितला. माझ्या आधी अर्ध्या गल्लीने ऐकला.

अगं, मी शिवलेल्या खिशातून तू माझ्याच पोट्ट्याला लाल कार्ड काढून दाखवलंस! आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार न्यावी तरी कोणाकडे? झेंडा धरणार होतीस, शिटी कुठून आली तुझ्या तोंडात?

पायलला मी तीनतीनदा विचारायला लावलं. त्या दुसऱ्या पोराला लागलं का? तर नाही. खरचटलंसुद्धा नाही, उठून खेळला म्हणे. मग काहून काढलं माझ्या लेकाला बाहेर? पिवळं कार्डही असतं म्हणतात, त्यावर भागलं नसतं? लागलंच नाही तर शिक्षा कशाची, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

त्याचे वडील जन्मभर ठेकेदाराच्या हाताखाली राबले. आज काम आहे, उद्या नाही. यशदीपचं नाव पक्क्यात यावं, एवढी एकच गोष्ट मी मागत होते. ती दारापर्यंत आली आणि घरच्याच पोरीने दार लावलं. तू रेफरीची परीक्षा पास झालीस तेव्हा इथे पेढे मीच वाटले होते.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आज मनातून निघत नाही.

तुझी आत्या,
शांता


रायपूर
३० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आधी आईने वाचलं, मग बाबांनी, शेवटी माझ्या हाती आलं. घरात दोन तट पडलेत. आई तुझ्याकडून आहे, बाबा माझ्याकडून, आणि भाजीत मीठ मात्र दोघांनाही सारखंच कमी लागतंय.

झालं ते असं. फायनलच्या सकाळी मुख्य रेफरी तापाने आडवे झाले आणि शिटी माझ्याकडे आली. यशदीप माझा आतेभाऊ आहे हे मी दोन्ही कप्तानांना सांगितलं. समोरच्या, सिलतऱ्याच्या कारखान्याच्या टीमचा कप्तान हसला, म्हणाला की चलेगा, दीदी घरवालों को ही ज़्यादा सीटी मारती है.

आत्या, तुझा मुलगा काय खेळतो गं! समोरच्याच्या पायातून बॉल असा अलगद काढून घेतो की त्या बिचाऱ्याला पुढे गेल्यावर कळतं. माझ्या तोंडात शिटी नसती तर मीच ओरडून शाबासकी दिली असती. मग बरोबरी असताना सिलतऱ्याचा एक पोरगा कडेने सुटला आणि यशदीप बाजूने घुसला. दोन्ही पाय हवेत, बुटांचे खिळे पुढे. त्या पोराने ऐन वेळी उडी मारली म्हणून खिळे त्याच्या खालून गेले. नाहीतर नडगीचे दोन तुकडे झाले असते. लागलं कशालाच नाही, ना पायाला, ना बॉलला. लोकांनी तर टाळ्या वाजवल्या.

पण नियम असा आहे की समोरच्याचा पाय मोडेल असं घुसलं तर लाल कार्ड. मोडला का, हे बघायचंच नसतं. तो वाचला ती त्याच्या उडीची करामत, त्यात यशदीपचं काही नव्हतं. पिवळ्यावर भागवलं असतं तर ते भाऊ म्हणून भागवलं असतं, आणि मला ते समजलं असतं.

कार्ड खिशात अडकलं. मी ओढतेय, ते निघेना. यशदीपच्या टीमचे लोक माझ्या अंगावर धावून आले. तेव्हा तोच मध्ये येऊन उभा राहिला आणि त्यांना म्हणाला की निकालने दो. मग मान खाली घालून चालत बाहेर गेला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि रेफरीला मैदानात डोळे पुसायची सोय नसते.

त्यांची टीम हरली. साहेब शेवटपर्यंत थांबलेसुद्धा नाहीत. यशदीपची पक्की नोकरी माझ्या कार्डामुळे लांबली. त्याबद्दल तू रागाव, मी ऐकून घेईन. यशदीप माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी आईमार्फत मागतो.

लोभातून मला बाहेर काढलं असलंस तर मी रेषेबाहेर बसून राहीन, पण घरी जाणार नाही.

तुझीच,
अस्मिता


रायपूर
१७ फेब्रुवारी २०२५

आईले,
यशदीपचा जयभीम.

तू म्हणशील या पोट्ट्याले पत्र लिहायचं कसं सुचलं. फोनवर सांगितलं असतं तर पायलनं साऱ्या गल्लीले सांगितलं असतं अन् तू घाबरली असती. मी ठीक आहे, हे पहिलेच लिहून ठेवतो. मले दीदीसारखं लिहिता येत नाही, बोलतो तसंच लिहून राहिलो.

परवा मिलमध्ये तापलेली लाल सळई लोखंड लाटणाऱ्या रोलमधून सुटली. उसळली अन् आमच्या जायच्या-यायच्या वाटेवर आडवी पडली. मी त्याच वाटेनं येऊन राहिलो होतो. मागं बुटाची नाडी बांधायले थांबलो होतो, म्हणून वाटेवर कोणी नव्हतं.

फोरमॅन आला. म्हणाला, किसी को लगा तो नहीं ना? चलो, चालू करो. सगळे आपापल्या जागेवर निघाले, मी बी निघालो. आमच्याकडे असंच चालते. अन् आई, एकदम मले दीदी दिसली, खिशातून कार्ड ओढून राहिलेली. त्या दिवशी तिच्यासमोर उभा राहून मी बी मनात हेच म्हणून राहिलो होतो, लगा तो नहीं ना.

मी जाऊन मिल चालू करायच्या स्विचसमोर उभा राहिलो. म्हटलं, सळई सरळ धरणारं गाइड पहिले खोलून पाहा, मग चालू करा. फोरमॅन भडकला, ठेकेदाराले सांगतो म्हणाला. मी तिथून हटलो नाही. मग आमच्या पाळीतले जुने देवीदासकाका माझ्या बाजूले येऊन उभे राहिले, त्यांच्या मागं बाकीचे. गाइड खोललं तर बोल्ट तुटलेला. दुसरी सळई बी तशीच आली असती.

पक्क्याचं अजून काही नाही, आता होईल असं वाटत बी नाही. मिलमध्ये मले सगळे रेफरी म्हणून राहिले. घरी येऊन दीदीले सारं सांगितलं. पाणी बी तिलेच मागितलं.

माझ्यावर लोभ ठेव, अन् दीदीवरचा राग सोड.

तुझा,
यशदीप


तुमसर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि भरभरून जयभीम.

यशदीपचं पत्र आलं. सुरुवातीलाच त्याने ठीक आहे असं लिहिलं होतं, तरी सळईपाशी आले आणि मी मोठ्याने ओरडले, लागलं तर नाही ना? पायल धावत आली. कागदाला विचारतेस का आजी, म्हणून हसायला लागली. मला हसू येईना. मी पुन्हा पहिली ओळ वाचली.

मग बसल्या बसल्या उमगलं की हाच प्रश्न मी तुलाही विचारला होता. आईने तो विचारावाच, तिचा जीव तिथेच अडकलेला असतो. पण फोरमॅनने तेवढंच विचारून मिल चालू केली तर आईला विचारायला मूल उरत नाही. जिवावरचं नखावर गेलं गं पोरी. त्या सिलतऱ्याच्या पोरालाही आई असेलच. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. आपल्या लेकाचा पाय किती थोडक्यात वाचला हे तिला कोणी सांगितलंही नसेल. तिच्यासाठी त्या मैदानात एकटी तू उभी होतीस, आणि समोर तुझाच भाऊ होता.

मागचं पत्र मी लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही. नोकरीचं दुःख अजून आहे, ते एवढ्यात जायचं नाही. पण यशदीप स्विचसमोर उभा राहिला हे वाचून माझा ऊर भरून आला, आणि तो कोणाकडे बघून उभा राहिला तेही त्याने लिहिलंय. तुझ्या बाबांना सांग, पोरगी वाढवावी तर अशी. तुझ्या आईला सांग, आता तिने एकटीनेच माझ्याकडून राहायचं कारण नाही, मी तट बदलला.

सोबत नवा शर्ट पाठवते आहे. माप तुझं माझ्याजवळ होतंच. पुढच्या सामन्याला मी स्वतः येणार. ऐकू येत नसलं तरी कार्ड दिसतं मला.

लोभ दुहेरी शिलाईने घातला आहे, उसवायचा नाही.

तुझी आत्या,
शांता

ता. क. खिसा या वेळी बोटभर मोठा ठेवला आहे. कार्ड अडकता कामा नये, समोर कोणीही उभं असो.