वाहून गेलेल्या पट्टीचे आकडे

२८ मार्च
आजपासून अर्चाली ओढ्याच्या वरच्या मोजणी-केंद्राचा निरीक्षक मी. केंद्र म्हणजे पाण्यात रोवलेला लोखंडी खांब आणि त्याला ठोकलेली सेंटिमीटरची पट्टी. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं, फोनवरून जलमापन ऑफिसला कळवायचं. बर्फ वितळायला लागल्यापासून सप्टेंबरपर्यंत, एकही सुट्टी न घेता. शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. उल्कानला तसं म्हणालो. ती म्हणाली, "प्रयोगशाळेच्या तुम्ही किल्ल्या सांभाळत होता." बायकोला विज्ञानाची कदर नाही.

२९ मार्च, स. ८.००
२१ सें.मी. काठाला अजून बर्फ.
खालच्या गावच्या झुराकान आजी मला शिकवायला मुद्दाम चढ चढून आल्या. खालचं केंद्र त्या सव्वीस वर्षं सांभाळतायत. म्हणाल्या, "गुडघ्यावर बसायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. तीन लाटा जाऊ द्यायच्या, मग आकडा धरायचा. उभ्यानं वाचलंस तर दोन बोटं चुकशील, बाळा." मी बावन्न वर्षांचा आहे. पण ऐकून घेतलं. जुन्या माणसांच्या जुन्या पद्धती. मला दगडावर उभं राहूनही आकडा स्वच्छ दिसतो. जाताना घरच्या सायीची वाटी देऊन गेल्या. साय उत्तम होती.

११ एप्रिल, सं. ८.००
२४. दगडावरून. ओला बर्फ पडतोय. बूट गळतात. ठराव: उद्यापासून पंधरा मिनिटं आधी निघायचं.

१२ एप्रिल, स. ८.४०
२४. वहीत वेळ ८.०० लिहिली. चाळीस मिनिटांत ओढा कुठे पळून जातो?

२३ एप्रिल
एक शोध लागला. रात्रीच्या जेवणाआधी खिडकीशी नीट कान देऊन बसलं तर ओढा ऐकू येतो. पाणी तिशीच्या वर गेलं की खळखळ थांबते आणि घुमल्यासारखा आवाज होतो. आज घुमत होता. ३१ लिहिलं. याला अनुभव म्हणतात. उल्कान म्हणाली, तो फ्रिजचा आवाज आहे. फ्रिज बंद करून पाहिला. आवाज थांबला. तरी ३१ ठेवले. एकूण अंदाज पटण्यासारखा होता.

६ मे, स. ९.१५
गेले चार दिवस कडक ऊन. आज प्रत्यक्ष ओढ्यावर गेलो. पाणी मातकट, चढलेलं, दगड गडगडत नेतंय. खांब नाही. पट्टी नाही. खांब जिथे होता तिथे काठसुद्धा नाही.
चार दिवस मी ३३, ३३, ३४, ३४ असे आकडे कळवलेत. ते दिले तेव्हा पट्टी असणारच. निदान पहिल्या दिवशी तरी.
ठराव: आजच ऑफिसला फोन.

७ मे
फोन केला नाही. नऊ तारखेला महायुद्धाच्या विजय दिनाची सुट्टी, ऑफिसात गडबड असणार. आपल्या एका खांबासाठी कशाला त्यांना त्रास. पण नोंद तुटता कामा नये, शास्त्रात खंड वाईट. माझ्या आधीच्या निरीक्षकाची गेल्या वर्षीची वही कपाटात सापडली. त्यातले मे महिन्याचे आकडे घेतले, प्रत्येकात दोन मिळवले. दोन अशासाठी की या वर्षी ऊन जास्त आहे.

१५ मे
नवी पट्टी स्वतःच करायची ठरवली. फळी घेतली, पांढरा रंग दिला, काळ्या रंगाने आकडे काढले. दुपारभर काम. छान झाली. पाण्यात उतरलो. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय असे बधिर झाले की आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळेना. मोजून एक मिनिटात बाहेर. कंबर धरली.
उल्कानने फळी बघितली. म्हणाली, "शून्य वर आणि शंभर खाली. ओढा काय डोक्यावर उभा राहून वाहणार आहे?" फळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

२६ मे
ऑफिसातून आयजारकिन मॅडमचा फोन. नवीन मुलगी आहे, शहरात शिकून आलेली. नाव ऐकलं आणि वही पाठीमागे लपवली, फोनवरून दिसणार असल्यासारखी. पण मॅडम म्हणाल्या, "सादिरबेक दादा, तुमचे आकडे फार सुंदर येतात. गेल्या वर्षीच्या आलेखावर अगदी बोटावर बोट ठेवल्यासारखे."
मी म्हटलं, काम मनापासून केलं की येतात.
मग म्हणाल्या, खालच्या केंद्राचे आकडे मात्र जुळत नाहीत. झुराकान आजी रोज पंधरा-वीस सेंटिमीटर जास्त सांगतायत. मध्ये दुसरा ओढा येऊन मिळत नाही, म्हणजे दोघांपैकी कुणाचं तरी चुकतंय. त्यांचं वय किती, माहीत आहे का?
मी म्हणालो, एकाहत्तर.
एवढंच म्हणालो. वय सांगणं म्हणजे काही चुगली नव्हे.

२७ मे
काल रात्री जेवण गेलं नाही. मांस जरा चरबट होतं.

२ जून
बातमी अशी: ऑफिसने गाडी पाठवून झुराकान आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडा मोतीबिंदू आहेच. चष्मा दिला. पंधरा तारखेपासून खालचं केंद्र बंद. यापुढे खालच्या पाण्याचा हिशेब माझ्या आकड्यांवरून.
मोतीबिंदू वेळेवर सापडला हे एका परीने बरंच झालं. असं उल्कानला म्हणालो. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

३ जून
आजींना सगळं सांगून टाकायचं म्हणून सकाळीच खाली गेलो. उल्कानने पिठाचे तळलेले तुकडे, बोरसोक, बांधून दिले होते. आजींनी चहा ओतला. चष्मा मोठा आहे, सारखा नाकावरून घसरतो.
म्हणाल्या, "मला तर पाणी चढलेलंच दिसत होतं रे. तीन लाटा जाऊ दिल्या. रात्री पडल्यावर वाटायचं, उद्या उतरलेलं दिसेल. सकाळी परत तेच. शिकलेली पोर आहे ती, खोटं कशाला सांगेल? माझेच डोळे गेले. तुझे आकडे नीट आहेत ना? तेवढं तरी बरं."
मी म्हणालो, हो.
नमद्याला, त्या लोकरीच्या जाजमाला, टाके घालायचं काम सुनेच्या हाती दिलंय म्हणाल्या. अर्धा नमदा कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. मी आणखी दोन कप चहा प्यालो आणि परत आलो.

५ जून
ठराव: उद्या सांगायचं.

६ जून
आज सांगण्यासारखा दिवस नव्हता. गावातली निम्मी माणसं गुरं घेऊन वरच्या कुरणावर निघाली, सगळ्यांना निरोप द्यावा लागला.
४८ कळवले. गेल्या वर्षीचे ४६.

९ जून
उल्कान लोकर धुवायला ओढ्यावर गेली होती. लवकर आली. लोकर कोरडीच. खांब नाही हे तिने पाहिलं होतं. कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली, शेजारी माझी ठेवली, दोन्ही एकाच तारखेवर उघडल्या. मग स्वतःपुरता चहा ओतून अंगणात जाऊन बसली.
मी तिला समजावायला गेलो की तात्पुरती सोय होती. ती म्हणाली, "ती म्हातारी आंधळी झाली तुमच्या तात्पुरत्या सोयीनं."
मी म्हणालो, आंधळी नाही, थोडा मोतीबिंदू.
हे बोलायला नको होतं. लिहिताना हात थांबतोय, तरी लिहितो, कारण बोललो.

१५ जून
खालचं केंद्र बंद झालं. ऑफिसची गाडी आली. आजींनी सव्वीस वर्षांच्या वह्या एका खोक्यात नीट लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला कापडाची पट्टी शिवलेली. कागदावर सही करायची होती. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठे करायची, बोट ठेव बाबा." कागद त्यांच्यासमोरच होता. रेघ मला चार पावलांवरून दिसत होती. त्यांनाही दिसत असणार. त्यांनी बघितलंच नाही.
खोकं जड होतं. ड्रायव्हर म्हणाला, दादा, एक हात लावा. मी लावला.

१६ जून
काही कळवलं नाही. पहिल्यांदाच वही कोरी. मॅडमचा मेसेज आला: सगळं ठीक आहे ना? तब्येतीची काळजी घ्या.

१८ जून
सकाळी सातला निघालो. उल्कानने कुठे म्हणून विचारलं नाही, दार तेवढं उघडून धरलं.
आजी घरी नव्हत्या. ओढ्यावर होत्या. केंद्र बंद होऊन तीन दिवस झाले तरी आठच्या ठोक्याला गुडघ्यावर बसलेल्या. पावलं ऐकून, मान न वळवता म्हणाल्या, "कोण, सादिरबेक? बरा आलास. वाच रे जरा. मला एकोणचाळीस दिसतंय. खरं किती आहे?"
मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसलो. थंड पाणी कापडातून आत आलं. तीन लाटा जाऊ दिल्या.
"एकोणचाळीस," मी म्हणालो.
त्या हसल्या. म्हणाल्या, "चांगला आहेस. म्हातारीचं मन राखतोस."
मग मी सांगितलं. खांब, गेल्या वर्षीची वही, अधिक दोन, मॅडमचा फोन, एकाहत्तर. काही सोडलं नाही. फ्रिजचंही सांगितलं.
त्यांनी पट्टीला चिकटलेलं गवत काढून टाकलं. मग विचारलं, "केव्हापासून?"
मी म्हणालो, "सहा मेपासून. त्याआधीचेही काही."
त्यांनी चष्मा काढला, घडी केला, खिशात ठेवला. म्हणाल्या, "सुनेला मी सांगून बसले, नातीचे केस विंचरायला आता मला हाक मारू नकोस, फणी टोचेल तिला. दोन आठवडे पोर माझ्याकडे आलेली नाही."
  हात टेकून उठल्या. मी हात पुढे केला, तो धरला नाही.
"ऑफिसला तू सांगतोस की मी सांगू?"
"मी."
"आज."

१८ जून, दु. १२.३०
फोन केला. मॅडमनी मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, "सावकाश सांगा, मी लिहून घेते." प्रत्येक तारीख विचारली. खरे आकडे कुठले, ते आत्ता वाचून दाखवा म्हणाल्या. वही घेऊन बसलो. एकशे अठ्ठावन्न नोंदींपैकी ज्यांच्यावर हात ठेवून खरं म्हणता येईल अशा एकतीस निघाल्या. त्याही उभ्यानं वाचलेल्या.
माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून त्यांनी खालच्या गावाला लेखी कळवलं होतं की जुलैभर पाटाला पाणी पुरेल. पण यंदाचा बर्फ मेमध्येच वितळून वाहून गेला, ओढा आता उतरतोय; म्हणून ते पत्र मागे घ्यायचं आणि बटाट्याला पाणी देण्याच्या पाळ्या निम्म्या करायच्या. शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "मी त्या आजींना डॉक्टरकडे नेलं हो. मीच गाडीत बसवलं त्यांना." आणि फोन ठेवला.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जून
खालच्या गावात दुकानात गेलो होतो. रांगेतले सगळे बाजूला झाले. मीठ घेतलं. खरं म्हणजे आगपेटी हवी होती.

७ जुलै
वरच्या ओढ्यात नवा खांब बसला. सिमेंट घालून. निरीक्षक म्हणून उल्कानची नेमणूक झाली. ती पावणेआठला निघते. पहिल्या दिवशी मी म्हणालो, सोबत येतो, वही धरतो. म्हणाली, वही धरायला मला दोन हात आहेत.
खालचं केंद्र परत सुरू आहे. वह्यांचं खोकं मॅडम स्वतः घेऊन आल्या, आजींच्या अंगणात उभ्या राहून सगळ्यांसमोर माफी मागितली. आजींनी त्यांना जवळ घेतलं, जेवू घातलं. मी फाटकापर्यंत गेलो होतो.
माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर ऑफिसने लाल शिक्का मारलाय, 'वापरू नये'. वही परत पाठवली.
संध्याकाळी झुराकान आजी वर आल्या, नातीला घेऊन. दोन्ही केंद्रांचे आकडे ताडून बघायचे होते. अंगणात सतरंजीवर आजी आणि उल्कान समोरासमोर वह्या घेऊन बसल्या. आकडे जुळत होते. पोरीची वेणी ताजी घातलेली होती, घट्ट. मी आत जाऊन चहा केला, तिघींना आणून दिला आणि उभा राहिलो, बस म्हणतील म्हणून.
आजींनी एक घोट घेतला. उल्कानला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, चहा बरा झालाय."
मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.
उल्कान माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चहा बरा झालाय म्हणतायत."
मी म्हणालो, बरं.