न पाहता पसंत

वालूर,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,
मोठ्या बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे तुझी मोठी आई खुशाल आहे, माझी मात्र झोप उडाली आहे. फोनवर मला ओरडून बोलावे लागते आणि तिचे कान शाबूत आहेत, म्हणून हे पत्र.

सेलूचे घर मी ठरवून टाकले. तिचे गुडघे पाहता दवाखान्याजवळ बिनजिन्याचे घर हवेच होते. तू रविवारी येऊन भिंती, छत तपासणार होतीस. पण दलाल म्हणाला की रविवारपर्यंत घर राहत नसते, गिऱ्हाईक रांगेत आहे आणि इंजिनिअर घेऊन येणाऱ्याला मालक दारात उभा करत नाही. मी घाबरलो. ‘घर आहे तसे, न तपासता पसंत’ अशा कागदावर सही केली आणि इसार देऊन मोकळा झालो. बैल घेताना मी दात पाहतो, चालवून पाहतो, दोनदा परत जाऊन पाहतो.

स्वतः तरी घर पाहावे, तर बैठकीत टेकतो न टेकतो तोच मालकाच्या बायकोचे माहेर आपल्या आत्याच्या सासरचे निघाले. लगेच शिरा आला. ज्यांचा शिरा खाल्ला त्यांच्या भिंतींवर टिचक्या कशा मारायच्या? शिऱ्याची तारीफ केली आणि उठलो.

मोठ्या आईला सांगितले आहे की निकिताने घर पाहिले, लय चांगले म्हणाली. तेवढे सांभाळून घे. खरेदीखत वीस तारखेला आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. सातवी नापास माणसाला शाळेत पत्र येते याचे गुरुजींना कौतुक वाटेल.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही टिकावा.
तुझा मोठा बाबा,
सटवाजी

परभणी,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मोठ्या बाबांस,
निकिताचा सा. न. वि. वि. आपले पत्र ऑफिसात वाचले आणि साहेबांसमोर हसू आवरले नाही. मग रडू यायला लागले. मोठी आई वांगी घेताना भाजीवाल्याचे अर्धे टोपले उलटे करते. तिच्यासाठी आपण शिरा चाखून घर घेतलेत.

खरेदीखतावर सही होईपर्यंत काही बिघडलेले नाही. छताला नवा रंग किंवा खोटे छत लावले असेल तर ते का लावले, हे विचारा. उद्या रविवारीही ऑफिसचे काम लागले आहे, मला पुढच्या शनिवारपर्यंत रजा नाही.

न पाहिलेले घर मी चांगले म्हणणार नाही. म्हणून हे पत्र शाळेच्या नाही, मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. मोठी आई आधी उघडेल. तिला माझा नमस्कार.

राग आला तरी माया कमी करू नये.
आपली,
निकिता

वालूर,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र तिने आधी वाचले, मग मला वाचून दाखवले, मग पुन्हा एकदा वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी मला पुढे घालून सेलूला निघाली.

तिथे पुन्हा शिरा आला. ती म्हणाली की आज माझा कडक उपवास आहे, पाणीसुद्धा चालत नाही. मंगळवारचा तो कुठला उपवास, हे देवालाही माहीत नसेल. पण तोंडात काही गेले नसल्याने ती मोकळी होती. मागच्या खोलीत प्लास्टिकच्या पट्ट्यांचे नवेकोरे छत होते. मालकाची बायको हां हां म्हणेपर्यंत तिने झाडूच्या दांड्याने ते ढोसले. पट्टी निघाली आणि ताटाएवढा गिलावा खाली आला. वर गंजलेल्या सळया दिसत होत्या. मी तेव्हा शिरा खात होतो.

इसार परत मागितला तर दलाल म्हणाला की मिळायचा नाही. मात्र चारठाण्याचे भुजंगराव हेच घर न तपासता घ्यायला तयार आहेत. त्यांचा इसार शुक्रवारी आला की तुमचा देतो, तोवर छताचे कुठे बोलू नका. मी मान हलवली. तुला खोटे कशाला लिहू, मला हायसे वाटले.

दोन दिवस भाकरी गोड लागेना, म्हणून एसटीने चारठाण्याला गेलो. भुजंगराव माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच भित्रे. म्हणाले की वालूरचा कुणी बडा आसामी घर न पाहताच उचलणार आहे असे दलालाने सांगितले, म्हणून मीही तपासणी नको म्हटले. तो बडा आसामी एसटीच्या अर्ध्या तिकिटावर त्यांच्यासमोर बसला होता.

त्यांनी हौसेने सांगितले की सून बाळंतपणाला तिथेच राहील आणि पाळण्याच्या कड्या मागच्या खोलीच्या छतात ठोकणार आहे. चहा समोर आला होता. मी तो प्यायच्या आधी सगळे सांगून टाकले.

इसार बुडाला. घरी येऊन तसे कबूल केले आणि बोलणी खायला मान खाली घालून बसलो. तुझ्या मोठ्या आईने मी भुजंगरावांकडे जेवून आलो का, एवढेच विचारले. नाही म्हणालो, तर गुडघ्यावर हात टेकत उठली आणि ताट वाढले.

आता घर ती पाहील, तू तपासशील. मला बाहेर बसवा.

लोभ ठेव, अक्कल तुमच्याकडून घेईन.
तुझा मोठा बाबा,
सटवाजी