कुंदाबाई स्पेशल भरीत

७ डिसेंबर
आजपासून मी कुणालाही घाबरत नाही. तसं इथे लिहून ठेवते. (वही तांदळाच्या डब्यामागे. कुणाच्या हाती लागायला नको.)
माझं स्वतःचं भरीत सेंटर! जळगावात, कॉलेजजवळ, छोटासा गाळा. सेव्हिंग माझं, हात माझा, बोर्डावर नाव माझं: सारिका स्पेशल भरीत. घरी अजून बोलले नाही. सासूबाईंना अख्खी कॉलनी घाबरते, मी एकटीच नाही. फक्त योग्य वेळ बघतेय. तोवर योगा क्लासला जाते असं सांगितलंय.

८ डिसेंबर
ओपनिंग. बोर्ड लावला आणि समोरून नणंदेचे सासरे येताना दिसले. मी तडक टेबलाखाली बसले. ते कधी गेले ते खालून दिसेना, म्हणून बसूनच राहिले. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या लाटायला कुंदाबाईंना ठेवलंय, आवाज खणखणीत. त्यांनीच गिऱ्हाईक सांभाळलं. नंतर खाली वाकून विचारलं, ताई, वांगी चोरीची आणलीत का?

९ डिसेंबर
व्हिडिओतल्या मॅडम म्हणतात, भीती म्हणजे फक्त एक विचार. शंभर टक्के पटलं.
बोर्डावर माझं नाव पुसून 'कुंदाबाई' रंगवून घेतलं. तात्पुरतं. भीतीने नाही, ब्रँडिंग म्हणून. कुंदाबाई म्हटलं की भूक लागते, सारिका म्हटलं की नाही लागत.
आता मी पडद्यामागे. वांगी भाजणं, ठेचणं, फोडणी सगळं माझ्याकडे. कुंदाबाई पुढे.

१५ डिसेंबर
दुपारीच कुंदाबाई ओरडल्या, "बठ्ठं भरीत सरी गयं!" सगळं संपलं, लोक परत गेले! पडद्यामागे मला रडूच आलं. धूरही होता म्हणा.
घरी सासूबाईंनी माझ्या केसांचा वास घेतला. योगा क्लासमध्ये पेटवतात काय, म्हणाल्या. म्हटलं, होम. मनःशांतीसाठी.
रविवारी सांगणार. फायनल.

२१ डिसेंबर, रविवार
सासूबाईंना सर्दी. आजारी माणसाला धक्का देऊ नये.

२७ डिसेंबर
अगं बाई! सासूबाईंच्या भिशीत कुंदाबाईंचं भरीत मागवलं होतं. उरलेलं डब्यात घालून घरी आणलं. माझ्याच ताटात माझंच भरीत! हितेंद्रने बोटं चाटली. नवरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोटं चाटताना बघितला. सासूबाई म्हणाल्या, हात असावा तर असा, शिक काहीतरी.
तेव्हाच सांगणार होते. तोंड उघडलंसुद्धा. सासूबाईंनी नुसतं बघितलं. मग मीच त्या उघड्या तोंडात घास घातला.
वाईट वाटलं. खूप वाटलं. पण घरबसल्या कस्टमर फीडबॅक मिळाला, तो कुणाला मिळतो?

५ जानेवारी
मेले. आमच्या एरियातला योगा क्लास बंद होऊन वर्ष झालंय. सासूबाईंना भिशीत कळलं. समोर बसवून विचारलं, मग रोज जातेस कुठे? तोंडातून निघालं, काम शोधतेय.
सासूबाई म्हणाल्या, आधी बोलायचं ना, मी काय खाणार होते तुला? बाईच्या हातात स्वतःचं काहीतरी असावं. मला कुणी करू दिलं नाही.
बघा! मी उगाचच घाबरत होते. म्हणजे, घाबरत नव्हतेच. आता खरं सांगणं एकदम सोपं. पण खरं सांगायचं तर महिनाभराचं खोटंही सांगावं लागेल. तेवढा विचार होईपर्यंत सासूबाई म्हणाल्या, उद्या मी स्वतः येऊन तुला कामाला लावते.

६ जानेवारी
सासूबाई मला माझ्याच दुकानात घेऊन गेल्या. कुंदाबाईंना म्हणाल्या, सून आहे आमची, ठेवून घ्या, भित्री आहे पण शिकेल. मी सासूबाईंच्या मागून हात जोडले. कुंदाबाईंना घाम फुटला. मालकिणीला विचारते, म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, अहो, मालकीण तुम्हीच ना? बोर्डावर नाव आहे की!
मला नोकरी लागली.
उद्या त्या चव बघायला येणार आहेत. बेस्ट! पडदा काढून टाकणार, त्यांच्या डोळ्यांसमोर भरीत करणार. एक घास खाल्ला की त्यांचं त्यांनाच कळेल, तो हात कुणाचा ते. मग मी सगळं सांगणार. काही झालं तरी सांगणार.

७ जानेवारी, संध्याकाळ
पडदा काढला. वांगी मीच भाजली, मीच ठेचली, फोडणी मीच दिली. चव रोजचीच. कुंदाबाईंनी चाखून मान हलवली.
सासूबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. मी बोलायला तोंड उघडलं.
त्या कुंदाबाईंकडे वळून म्हणाल्या, आज हिने केलं ना? लगेच कळतं. शिकवा हो हिला, तुमच्या हाताची सर नाही.
मी म्हटलं, हो आई. शिकते.