रुमालाखालचा भाव

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

माजलगाव,
ता. २ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. रुद्राणीस,

अ. उ. आ. वि. वि. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. जावई मृत्युंजयराव कोर्टाच्या कामाला आले होते, त्यांच्या हाती पाठवलेलं उपरणं पोचलं. इतकं तलम की हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही. तुझी आई म्हणते, बैलबाजारात बसणाऱ्या माणसाला हे काय करायचंय, देवपूजेला ठेवा. मी म्हणालो, लेकीनं पाठवलंय, मी मिरवणार.

आता खरी बातमी. तुझ्या धाकट्या भावानं आपल्या दुकानाच्या पत्र्यावर छत्री बसवली आहे. पावसाची नव्हे, आभाळातलं खाली आणायची. लग्नाच्या शूटिंगवर कमावलेलं सगळं केदारनं तिच्यात घातलं. आठ दिवस तो पत्र्यावर उभा राहून ती इकडे फिरव, तिकडे फिरव करत होता आणि मी खाली कासरे-घुंगरमाळा विकत त्याला शिव्या देत होतो. नवव्या दिवशी चित्र आलं. रुद्राणी, खोटं नाही सांगत, माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बर्फावर माणसं पायाला पात्या बांधून घसरत होती आणि पडत नव्हती! आता कडुनिंबांच्या फांद्यांवरून चाळीस घरांत वायर गेली आहे, आणि जो तो मला बैलांच्या भावाऐवजी चॅनेलचं विचारतो.

परवा त्यात परदेशातला गुरांचा बाजार दाखवला. एक माणूस उंचावर बसून भाव ओरडतो, आणि शेकडो लोक ऐकतात. मला तर अंगावर धोतर नसल्यासारखं वाटलं. आपण तीस वर्षं हाच धंदा केला. घेणाऱ्याचा हात रुमालाखाली धरला, मग विकणाऱ्याचा धरला, बोटांनी भाव ठरवला आणि रुमालाखालचं रुमालाखालीच ठेवलं. म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. तोंडानं आकडा काढणारा दलाल मी जन्मात पाहिला नाही.

केदार म्हणतो, आप्पा, सरकारनं सगळ्या देशाचा बाजार खुला केला, आपला अजून फडक्याखाली आहे. त्याला म्हणे आपला स्वतःचा चॅनेल काढायचाय, रोज संध्याकाळी सातला, माजलगावचंच दाखवायचं. सुरुवात आपल्या बैलबाजारापासून. मी हो म्हणालो. हात झाकलेलेच असतात, दिसून दिसणार काय?

मुलांना गोड पापा. पत्र लवकर टाक, टीव्हीपायी बापाला विसरू नकोस.

तुझा,
बसप्पा

*

बीड,
ता. ९ ऑक्टोबर १९९४

ती. आप्पांचे चरणी बालके रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसले. बाकीच्या बाया विचारू लागल्या, तर म्हणाले, माझे वडील टीव्हीवर येणार आहेत. कुणाचा विश्वास बसेना. इथे बीडमध्येही गल्लोगल्ली वायरी लोंबतायत, पण दिवसभर सिनेमेच लावतात. आपलं गाव आपल्यालाच दाखवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या केदारच्या आलं! लहानपणी चड्डीची नाडी बांधता येत नव्हती त्याला. खरंच, आप्पा, मला फार नवल वाटतंय.

एक विनंती. शूटिंगच्या दिवशी तुमचा तो तेलकट काळा रुमाल घेऊन बसू नका. गोठ्याचा वास टीव्हीत येत नाही, पण मळ दिसतो. मी पाठवलेलं उपरणंच हातावर घ्या. सगळं गाव बघणार आहे, बसप्पा दलालांची लेक बापाला नीट ठेवते हे कळू दे.

लहानपणी मला झोप येत नसली की तुम्ही गोधडीखाली माझा हात धरून भाव करायला शिकवायचे. एक बोट म्हणजे हजार, पंजा म्हणजे पाच, बोटाचं अर्धं पेर म्हणजे पाचशे. परवा तोच खेळ धाकटीशी खेळले. तिनं मला तीनदा फसवलं.

आईचे गुडघे कसे आहेत? केदारला माझा आशीर्वाद सांगा आणि कान धरा. आपली माया आहेच, ती अशीच माझ्या वाट्याला येत राहो.

आपली आज्ञाधारक,
रुद्राणी

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

माजलगाव,
ता. १७ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. रुद्राणीस,

अ. उ. आ. वि. वि. तुझं ऐकलं आणि तुझंच उपरणं घेऊन बसलो. यात तुझी चूक नाही, हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तू रडशील.

बाजार झाला, केदारनं शूटिंग केलं. संध्याकाळी सातला त्यानं दुकानाच्या ओट्यावर टीव्ही मांडला, म्हणजे बाजारकरूंनाही बघता यावं. दोनेकशे माणूस जमलं असेल. पडद्यावर आपला बाजार आला, धूळ, शिंगं, आणि मधोमध मी. माझे हात मी असे कधी पाहिलेच नव्हते. मागून केदारचा आवाज येत होता. कार्यक्रम रंगावा म्हणून त्यानं भावाची बोटं समजावून सांगितली. एक बोट हजार, पंजा पाच. त्याला वाटलं, वर फडकं आहे, सांगायला काय हरकत आहे.

पण ऊन समोरून होतं, आणि तुझं उपरणं तलम. आतलं बोट न् बोट दिसत होतं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकानं मोठ्यानं मोजलं, मग सगळेच मोजू लागले. अख्खा ओटा हसत होता. मीसुद्धा हसलो, रुद्राणी. तीस वर्षांचं झाकलेलं असं उजेडात आलेलं बघून मला मौजच वाटली.

मग धुळाजीचा सौदा आला. लिंबागणेशकडचा धनगर, तू त्याला ओळखतेस, आपल्याकडे चहाला येतो. त्याचा थोरला भाऊ सोमेश्वर वारला, त्याला नऊ वर्षं झाली. गाई सोमेश्वरच्या, आता त्याच्या बायकोच्या, बायडाबाईच्या. ती राखते, वाढवते, आणि वर्षाला गोऱ्ह्यांची जोडी विकायला धुळाजी येतो. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात रुमालाखाली हात द्यायचा नाही, अशी आपल्या बाजाराची रीत. पडद्यावर धुळाजीनं पंजा घेतला. पाच हजार. त्याच दिवशी दुपारी त्यानं बायडाबाईच्या पदरात तीन टाकले होते. आणि त्या दिवशी बाजाराला आलेली ती ओट्याखाली उभी राहून बघत होती.

ती ओरडली नाही. गर्दी पांगल्यावर दुकानात आली आणि मला विचारलं, आप्पा, तुमाला म्हाईत व्हतं का? हे आजचंच हाय का पयल्यापासनं?

रुद्राणी, मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून. धुळाजी घरी काय सांगतो ते त्यानंच एकदा हसत हसत मला सांगितलं होतं. मी गप्प बसलो. रुमालाखालचं बोलायचं नाही, हा माझा धंद्याचा धर्म, असं मी स्वतःला समजावलं. दोन वर्षांपूर्वी त्या बाईनं पोरीला, स्वप्नाला, सातवीतून काढलं. भागत न्हाई म्हणून काढली, असं माझ्याच दुकानात बसून सांगत होती. मी तिला चहा पाजला.

आणि परवा ती समोर उभी राहिली तर मी म्हणालो, आठवत नाही. खोटं बोललो. ती निघून गेली.

काल बाकीचे दलाल आले होते. त्यांचा पुढारी उत्तरेश्वर. म्हणाले, पोराचा चॅनेल बंद कर, नाहीतर तुझ्या रुमालाखाली कुणी हात घालणार नाही. केदार बिचारा छत्री काढायला तयार आहे. दोन दिवस जेवला नाही. मी काय करू ते सांग. तू शिकलेली आहेस.

तुझा,
बसप्पा

*

बीड,
ता. २१ ऑक्टोबर १९९४

ती. आप्पांचे चरणी सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तशी रडले. पण उपरण्यासाठी नाही.

आप्पा, मी तुम्हांला सल्ला देण्याएवढी मोठी नाही, पण विचारलंत म्हणून लिहिते. केदारनं छत्री काढू नये. त्यानं काही लपवलं नाही आणि काही चोरलं नाही. तुम्ही दलालांचं विचारलंत, चॅनेलचं विचारलंत. बायडाबाईचं विचारलं नाहीत. तिला तुम्ही उत्तर देणं लागता, आणि ते माझ्याकडे पाठवून चालणार नाही.

स्वप्ना माझ्या थोरलीच्या वयाची आहे. मी शाळेत रोज अशा मुलींची नावं हजेरीवर खोडते. कारणाच्या रकान्यात घरगुती अडचण लिहितो आम्ही. आता तो शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही.

तुमच्यावर रागावले आहे. तरी तुम्ही मला हे खरं लिहिलंत, याचाच मला आधार वाटतो. तुम्ही लपवलं असतंत तर मला कधी कळलंही नसतं. प्रकृतीला जपा. लेकीचा राग आणि लेकीची माया दोन्ही एकाच पाकिटात पाठवते, दोन्ही ठेवून घ्या.

आपली,
रुद्राणी

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

माजलगाव,
ता. ३० ऑक्टोबर १९९४

चि. सौ. रुद्राणीस,

अ. उ. आ. वि. वि. दिवाळी तोंडावर आहे, पण फराळाचं काही लिहीत नाही, ते तुझी आई लिहील.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी केदारला सांगून टाकलं, छत्रीला हात लावायचा नाही. मग सटवा गुराख्याकडून बायडाबाईला निरोप धाडला, की पुढच्या बाजारी जोडी घेऊन तूच ये, धुळाजीला पाठवू नकोस. येईल असं वाटलं नव्हतं. काल आली. सोबत स्वप्ना होती, आणि कासऱ्याला तिची दुसरी जोडी. अशी जोडी मी कित्येक वर्षांत पाहिली नाही, रुद्राणी. पांढरी शुभ्र, शिंगं जुळ्या भावांसारखी.

गिऱ्हाइकं आली, सवयीनं हात पुढे केले. माझ्याकडे रुमाल नव्हता. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, बोला, तोंडानं बोला. सांगायला लाज वाटते, पण बाजारात मी आकडा कधी तोंडानं काढलाच नव्हता. आदल्या दिवशी न्हाणीघरात आकडे म्हणून पाहिले होते, तुझ्या आईला वाटलं मला वात झाला. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून निघून गेली. उत्तरेश्वरनं आपली बैठक उचलून पार पलीकडच्या चिंचेखाली नेली, बाकीचे दलाल त्याच्यामागे गेले. दुपार झाली तरी आमच्यापुढे कुणी नाही. त्या मायलेकी उन्हात उभ्या. धुळाजी चिंचेखालून बघत होता.

मग बायडाबाई माझ्याजवळ आली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, आप्पा, आता आठवलं का? तुमाला म्हाईत व्हतं का न्हाई?

मी म्हणालो, होतं. नऊ वर्षं होतं. पंचांपुढे सांगायला सांगितलंस तर तिथेही सांगीन.

चिंचेखालची माणसं उठून उभी राहिली. धुळाजी कधी गेला ते मी पाहिलं नाही. पण एक गोष्ट पाहिली आणि तीच तुला सांगायला बसलो आहे. केजकडचा एक शेतकरी, अंगावर साधं बनियन, पुढे आला. म्हणाला, मी आजवर लई जोड्या घेतल्या, पर दुसरा काय द्यायला तयार व्हता ते मला कधीच कळलं न्हाई. माझे साडेचार. शेजारचा म्हणाला, पाच. मागून कुणीतरी साडेपाच म्हणालं. रुद्राणी, तीस वर्षांत आपल्या बाजाराला आवाज असतो हे मला माहीतच नव्हतं! माणसं धावत आली. बघता बघता सहा झाले. जोडी साडेसहाला गेली, आणि तो आकडा मी नाही, बायडाबाईनं स्वतः ओरडून पक्का केला.

तिनं माझी दलाली माझ्या तळहातावर ठेवली. मी नको म्हणालो. नऊ वर्षांचं पाप माझ्या माथ्यावर आहे, आज तरी राहू दे म्हणालो. ती म्हणाली, ठिवा आप्पा. धंदा हाय, पुन्यानं न्हाई करायचा. पुढल्या साली मात्र माझी जनावरं मीच इकीन.

तेव्हा मी तिची माफी मागितली. सगळ्यांदेखत. ती म्हणाली, मला काय मागता, माझ्या पोरीला मागा.

स्वप्ना रिकामा कासरा गुंडाळत होती. मी तिच्यापुढे गेलो, हात जोडले. काय बोललो ते मला आता आठवत नाही, आणि या वेळी हे खरं आहे. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एवढंच विचारलं, की दिवाळीनंतर मधूनच शाळेत नाव घालून घेतात का, आणि चौदा वर्षांच्या पोरीला सातवीत बसवतात का.

मला ठाऊक नव्हतं. आणि मी तसं सांगितलं. म्हणालो, माझी लेक शाळेत आहे, तिला विचारून पुढच्या बाजारी पक्कं सांगतो.

पुढचा बाजार शनिवारी आहे. उलट टपालानं कळव. लोभ असावा म्हणायचं मला तोंड नाही, तरी लोभ असू दे.

तुझा,
बसप्पा