पाच मार्कांचं गणित

हसनाबाद,
दि. ६ ऑगस्ट १९९६

चि. काकासाहेब यास,

अक्काचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. ह्यांचा गुडघा दुखून राह्यलाय, कपाशी बरी आहे. आईला सांग, तिनं पाठवलेल्या कुरडया पोचल्या.

तुझी सत्काराची पत्रिकाही पोचली. भुजंग शिपाई मुद्दाम घरी येऊन देऊन गेला. केवढा तो जाड कागद! वर तुझा फोटो, खाली रखमाजी आजोबांचा, आणि तोही तुझ्यापेक्षा लहान. ज्यांच्या नावानं शाळा काढली त्यांना निदान बराबरीनं तरी बसवायचंस. आत काय छापलंय, तर म्हणे 'शासनाने अनुदानाचा हात दिला की खेड्यातली शाळाही शंभर टक्के निकाल देते.' वा रे वा! दहावीला गणितात तीनदा आपटलेला माणूस निकालावर भाषण ठोकणार. औरंगाबादचे पाहुणे मान डोलावणार, जिलेबी खाणार आणि जाणार.

अनुदान सुरू झालं तेव्हा मी खूश झाल्ते, खोटं कशाला बोलू? वाटलं, आता प्रयोगशाळा होईल, पोरांना चार पुस्तकं मिळतील. तू काय केलंस? कमान बांधलीस. वर दोन सिमेंटचे हत्ती. पोरं अजून परीक्षानळी चित्रातच बघून राह्यलीत. इंग्रजीच्या सरांना तू अर्धं वर्ष निवडणुकीच्या जीपमध्ये फिरवलंस आणि त्यांच्या तासाला वर्ग मी सांभाळला. ह्याला तू संस्था चालवणं म्हणतोस.

आणि पत्रिकेत खाली माझं नाव, 'आदर्श शिक्षिका'. गणिताचा निकाल शंभर टक्के लावल्याबद्दल. तो कसा लागला ते तुला ठाऊक, मला ठाऊक. सोड ते.

शिवकन्येचंही नाव आहे, शाळेत पहिली आली म्हणून. तिला भिंतीवरचं घड्याळ देणार म्हणे. साळूबाईची ही पोरगी मायबरोबर शेतात निंदायला जायची आणि बांधावर बसून गणितं सोडवायची. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिथली यादी तिच्यापेक्षा तीन मार्कांनी वर बंद झाली. आता साळूबाईनं शहागडकडचं स्थळ धरलंय, पोळ्यानंतर सुपारी फोडणार. घड्याळात बघून भाकरी थापील असं वाटतंय का तुला?

रविवारी ती माझ्याकडं आल्ती. हातात मार्चमधली बीजगणिताची प्रश्नपत्रिका, तिच्या मागं पेन्सिलीनं सोडवलेलं पाच मार्कांचं एक गणित. म्हणाली, "बाई, मी आधी हे असं काढल्तं. मंग तुमचा कागद आला न् मी माझं खोडलं. माझं काय चुकल्तं तेवढं सांगा."

तिचं काहीच चुकल्तं न्हाई, काकासाहेब. माझं चुकल्तं.

त्या दिवशी पेपर सुटायच्या आत तू तो बाहेर काढलास, मला ऑफिसात बसवलंस, बाहेरून कडी घातलीस. "अक्का, जल्दी कर. निकाल पडला तर अनुदान बंद न् तुझा पगारही बंद." भावाच्या धाकानं केलं, असं मी जगाला सांगू शकते. लोक मानतीलही. पण मी घाबरलेच न्हवते. मला घमेंड चढल्ती. अख्खा पेपर अर्ध्या तासात कोण काढतं, बघाच म्हटलं! कार्बन घालून चार खोल्यांचे चार कागद केले आणि भुजंगच्या हातात दिले. त्या गडबडीत एका गणितात बाजू बदलली न् चिन्ह बदलायचं राह्यलं. ज्याच्यासाठी मी आठवीच्या पोरांच्या हातावर छडी मारते, ती चूक.

बाकीच्या पोरांनी ती तशीच उतरवली. त्यांना काय, पास व्हायचं होतं, झाले. एकटीचं बराबर होतं. ती कुणाच्या कागदात बघणारी न्हवे, पण तिनं माझं अक्षर ओळखलं. बाई चुकणार न्हाई म्हणून स्वतःचं खोडलं. बिलकुल शंका घेतली न्हाई.

आणि मी तिला काय सांगितलं? "जाऊ दे आता, झालं ते झालं." चहा पाजला न् लावून दिलं. शेवटी तुझीच बहीण मी.

दोन दिवस घास गोड लागला न्हाई. आज सकाळी साळूबाईच्या घरी गेले आणि मायलेकींसमोर सगळं सांगितलं. पोरीला अकरावी सायन्सला घाला, माझ्याकडं राहील, म्हटलं. साळूबाई म्हणाली, "अजून काय शिकवायचं राह्यलंय तुमचं?" वर बरंच काही बोलली. मी बोलू दिलं. शिवकन्या रडली न्हाई, चिडली न्हाई. एवढंच म्हणाली, "मंग बाई, तीन वर्षं वर्गात शिकवलं ते तरी बराबर होतं ना?"

बराबर होतं रे. शब्द न् शब्द बराबर होता. पण ते म्हणायला माझं तोंड उघडलं न्हाई, कारण म्हटलं असतं तरी तिनं कशावरून मानायचं?

पंधरा तारखेला सत्काराला मी येते. शाल नको, नारळ नको, मला माईक दे. गावासमोर जे सांगायचं ते मी सांगणार. न्हाई दिलास तरी चालंल, अकरा वर्षं पत्र्याखालच्या वर्गात पावसाच्या वरताण शिकवलंय, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. राजीनामा सोबत जोडलाय. त्यावर शिक्का तेवढा बराबर मार.

तुझी अक्का मी मरेस्तोवर राहीन, त्याला माझा इलाज न्हाई. कुणाची बाई मात्र आता न्हाई.

नंदा