मागचं झाकण

४ जुलै, शुक्रवार

आज लॅबमध्ये पुन्हा कागद अडकला. दुपारपर्यंत मी प्रिंटरशीच झटत होते. ट्रे बाहेर ओढा, टोनर काढा, आत चुरगळलेला कागद हळूच खेचा, परत सगळं बसवा. दोन रिपोर्ट निघतात आणि परत तेच. हवेत इतका ओलावा आहे की कागदाचा गठ्ठा हातात घेतला तर गार लागतो. पानं एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात.

शेवटी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या नवलला बोलावलं. जळगावहून तो गाडीवर आला. रोलर पुसला, ट्रेमधले कागद काढून पत्त्यांसारखे सुटे केले. मग प्रिंटरच्या मागचं झाकण खाली पाडलं.

"ताई, आतून वर येताना कागदाला उलटी वळी पडते. ओला कागद तिथंच गुंडाळतो. मागून सरळ जाऊ द्या, अडकणार नाही."

खरंच अडकला नाही. मागच्या टेबलावर रिपोर्ट सरसर येऊन पडायला लागले. बरं वाटलं. तरी संध्याकाळी घरी बसवेना. उगाच कपाट आवरायला काढलं.

७ जुलै, सोमवार

लाइट सकाळीच गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालला, पण प्रिंटर त्यावर चालत नाही, फार वीज ओढतो. मी रिपोर्ट टाइप करून पाठवत राहिले, ते आत साठत राहिले. बाहेर पेशंटची रांग. पहूरची कुंदाबाई दारात उभी राहून सारखी विचारत होती, "माय, मही एसटी जाईन ना?" भावाकडे आली होती, दोन दिवस अंगात कणकण म्हणून त्यानं तपासणी करायला लावली. तोताराम आबा बाकावर पाय वर घेऊन गप्प बसले होते.

लाइट आली आणि सगळे रिपोर्ट एकदम निघाले. हितेंद्र रक्त घ्यायचं सोडून टाचायला आला. बहुतेकांचं एकच पान, त्यामुळे पटकन उरकलं. वाटले, गर्दी गेली, तेव्हा कुठे चहा प्यायले.

१२ जुलै, शनिवार

काही नाही. पाऊस. कशातच मन लागत नाही, कारणही सापडत नाही. आई म्हणाली, "सारखी उठबस काय करतेस, एका जागी बस की."

२८ जुलै, सोमवार

सावकाश लिहिते.

दुपारी ईश्वर आला, तोताराम आबांचा मुलगा. त्यांची शेती इथून जवळच आहे, गावालगत. म्हणाला, आबांच्या पायावरची सूज गुडघ्यापर्यंत चढली, लघवी होत नाही म्हणतात, जेवणही तुटलं. "गावातल्या डॉक्टरनी रिपोर्ट पाह्यला, म्हने बठ्ठं ठीक शे. मंग हाई काय शे, ताई?" त्यानं जुना रिपोर्ट पुढं केला. परत तपासायचं तर काय काय तपासायचं, ते विचारायला आला होता.

पहिलं पान आबांचं. नाव, वय, हिमोग्लोबिन, साखर. पान उलटलं. दुसऱ्या पानावर आमच्या लॅबमध्ये नाव येत नाही, वर कोपऱ्यात बारीक नंबर येतो फक्त. नंबर दुसराच होता.

मी कॉम्प्युटरवर शोधलं. तो नंबर कुंदाबाईचा.

आणि आबांचं खरं दुसरं पान कॉम्प्युटरवर उघडलं तर किडनीचं क्रिएटिनिन इतकं वाढलेलं की मी स्क्रीनच्या जवळ जाऊन परत वाचलं.

प्रिंटरकडे बघत बसले. मग दोन पानांचा एक रिपोर्ट छापून पाहिला. वरून निघतो तेव्हा पान पालथं पडतं. एक खाली, दोन त्याच्यावर. गठ्ठा उचलून उलटला की क्रम बरोबर. मागून निघतो तेव्हा पान उताणं पडतं. एक खाली, दोन वर, आणि आपण वरूनच उचलायला लागतो. त्या दिवशी सर्वांत वर कुंदाबाईचं दुसरं पान असणार. आम्हाला वाटलं, सुटं पडलंय. ते बाजूला ठेवलं. मग नावाचं पान घेतलं आणि त्याच्याखालचं जोडलं. खालचं आबांचं दुसरं पान होतं. आणि बाजूला ठेवलेलं कुंदाबाईचं पान आबांच्या पहिल्या पानाला.

कोणी टाचलं? मी, नाहीतर हितेंद्र. दोघांनाही आठवत नाही. एकमेकांकडे बघायलाही नको वाटत होतं.

ईश्वर समोरच उभा. "काय व्हयनं, ताई?"

मी म्हटलं, "भाऊ, आमची चूक झालीय. आबांना आत्ताच्या आत्ता जळगावला न्या." लॅबच्या मॅडमना विचारायच्या आधीच बोलून गेले.

तो चप्पल नीट पायात न घालताच पळाला.

मॅडम आल्यावर सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाल्या, "मागचं झाकण लाव आधी." मग जळगावच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला, आबांचे आकडे सांगितले. नंतर आम्ही दोघींनी बाकीचे दोन पानी रिपोर्ट काढून पाहिले. ते वेगवेगळ्या वेळी, एकेक करून छापलेले. गडबड त्याच दिवसाची.

३० जुलै, बुधवार

ईश्वर फोन उचलत नाही. मला वाटतं, मुद्दाम. उचलला तरी मी काय बोलणार? लॅबमध्ये प्रत्येक पान दोनदा बघते, टाचते, परत टाच काढून बघते. हितेंद्र म्हणाला, "हेमांगी, पुरे आता." त्याचेही डोळे लाल होते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

ईश्वरचा फोन आला.

प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीचा मार्ग बंद झाला होता. नळी घातली. सूज उतरायला लागली, क्रिएटिनिन खाली येतंय. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर कठीण होतं. मागून आबांचा आवाज आला, "कोन शे रे?" ईश्वर म्हणाला, "लॅबवाली ताई." आबांनी फोन मागून घेतला. मला वाटलं, शिव्या देतील. म्हणाले, "पोरी, आज मी भाकर खादी."

मी गच्चीवर जाऊन रडले. मग खाली येऊन जेवले, खूप दिवसांनी पोटभर.

२ ऑगस्ट, शनिवार

आता कुंदाबाई राहिली. आबांचं पान तिच्याकडे गेल्यामुळे तिला अजून वाटतंय की तिच्या किडन्या गेल्या. फाईलवर तिच्या भावाचा नंबर आहे, तो सोमवारपासून बंद लागतो. हितेंद्र त्याच्या घरी जाऊन आला, कुलूप आहे. शेजारी म्हणाले, पहूरला गेलेत सगळे.

मी मॅडमना म्हटलं, उद्या रविवार आहे, मी एसटीनं पहूरला जाऊन सांगून येते. त्या म्हणाल्या, "आठवडाभर धड झोपली नाहीस तू. उद्या आराम कर. सोमवारी हितेंद्र गाडीवर जाईल. तिला काही त्रास नाही, उलट आनंदाचीच बातमी द्यायची आहे."

मला पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर झोपले. उठले तेव्हा आईनं शेवभाजी केली होती.

४ ऑगस्ट, सोमवार

हितेंद्र निघायच्या आधीच कुंदाबाई लॅबच्या दारात. नवीन लुगडं, हाताला हळद. पुढच्या तपासणीला आली होती. मी तिला आत खुर्चीवर बसवलं, हात धरून सांगितलं: मावशी, ते पान तुमचं नव्हतंच, तुमच्या किडन्या चांगल्या आहेत. मी हसत होते.

ती हसली नाही. तिनं आपला हात सोडवून घेतला.

"मह्या पोरीले, उशाले, धुळ्याले नर्सिंगले जायचं व्हतं," ती म्हणाली. "लय रडली पोरगी. मी म्हनलं, मी डोये मिटायच्या आंदी तुह्यं लगन पाहू दे. मुहूर्त बी नव्हता. काल देवळात उरकलं."