बादलीवरचा कॅचर

प्रिय ठमे,

एक गंभीर तक्रार नोंदवतो. तुझ्या आईने माझ्या बादलीत कोरफड लावली आहे. ही साधीसुधी बादली नव्हे. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये तू सॉफ्टबॉलचं पिचिंग शिकत होतीस, तेव्हा ती उपडी घालून, तिच्यावर बसून मी वर्षानुवर्षं तुझे चेंडू झेलले. ते माझं सिंहासन. मला न विचारता त्याच्या बुडाला भोकं पाडली गेली. जाब विचारला तर म्हणते, अहो, आता कोण बसणार आहे त्यावर, आणि बसलात तर उठवणार कोण? जन्मभर पोरांना संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने यावर मुकाट कोरफडीला पाणी घातलं, यातच काय ते आलं.

तुझ्या कॉलेजच्या फाटकावर तुझा भलामोठा फोटो लागलाय, हे मला शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पहिलं वर्ष तू बाकावर बसून काढलंस. दुसऱ्या वर्षी एका अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही फटका मारू दिला नाहीस. आणि आता तिसऱ्या वर्षी सगळ्या कॉलेजांतली सर्वोत्तम पिचर. मी शाळेत कुणाला सांगत नाही. फक्त फळ्यावर उदाहरण द्यायचं झालं की 'कन्या कन्दुकं क्षिपति' हेच वाक्य आपोआप उतरतं आणि मुलं माना खाली घालून हसतात.

पण त्या फोटोत तू एकटी नाहीस. शेजारी ती उभी आहे, तुझी कॅचर, जिला तुम्ही सगळ्या 'भिंत' म्हणता. फोनवर निम्मा वेळ तिचंच पुराण चालतं. बाबा, भिंतीला माझा चेंडू आधीच कळतो. भिंत असं म्हणाली, भिंत तसं म्हणाली. एवढी बोलकी भिंत मी पाहिली नाही. कॉलेजच्या मुलाखतीत तर तू सांगून टाकलंस की, तुझा चेंडू झेलणारं खरं माणूस तुला इथेच भेटलं. मग तोवर काय कोरफडीला चेंडू टाकत होतीस? षड्रिपूंपैकी पहिले पाच वयोमानानुसार निवृत्त झाले. सहावा, मत्सर, माझ्याकडे अजून पूर्णवेळ नोकरीला आहे. तिच्या हातून चेंडू निसटला की मला बरं वाटतं. तेही फारसं घडत नाही. कार्टी चांगली खेळते.

असो. रविवारचा सामना आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून पाहिला. तुला आठवतं का, लहानपणी हात कितीही दुखला तरी तू तोंडाने कबूल करायची नाहीस. म्हणून आपण खूण ठरवली होती, चेंडू दोनदा मांडीवर टेकवायचा. मग मी गुडघे धरून कण्हायचो, आज माझ्याच्याने होत नाही म्हणायचो, आणि तू मोठ्या मनाने मला माफ करून घरी यायचीस. तुझी आई त्या गुडघ्यांना अजून तेल चोळायला लावते. गुडघे ठणठणीत होते गं.

रविवारी शेवटच्या डावात तू चेंडू दोनदा मांडीवर टेकवलास. भिंतीने बोटांनी इशारा करून पुन्हा तोच जोरकस चेंडू मागितला. तू टाकलास. पुन्हा दोनदा टेकवलास, पुन्हा टाकलास. तुम्ही जिंकलात, सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलात. भिंतीने तुला उचललं, तेव्हा तिच्या गळ्यात तुझा फक्त डावा हात होता. इकडे मी कधीच गुडघे धरून उभा राहिलो होतो. तुझी आई म्हणाली, काय हो, दुखतायत का? मी हो म्हणालो.

उद्याच्या उद्या खांदा डॉक्टरांना दाखव. आणि ती खूण भिंतीला शिकव. आपल्या दोघांचीच होती, द्यायला जिवावर येतंय, पण शिकव. गुडघ्यांचं नाटक तिच्या वयाला शोभायचं नाही. त्यापेक्षा बुटाची लेस सुटली म्हणावं आणि खेळ थांबवावा. पुढचा सामना शनिवारी आहे, त्याच्या आत शिकव. बादलीचं काय, राहू दे कोरफड. तू सांगत होतीस आणि तिथे कुणालाच ते कळत नव्हतं, याची मला भीती वाटते. बाकी काही नाही.

तुझाच, अजून गुडघे धरून उभा असलेला,
बाबा